शेताचा वाटा

सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६
सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे
फॉरेस्टच्या ऑफिसाबाहेरचा बाक

प्रिय हेमकांत,

करणसिंग मामा आत जामिनाच्या हजेरीच्या वहीवर अंगठा द्यायला गेला आहे. जाताना त्याच्या चपलेचा पट्टा तुटला, म्हणून तो अनवाणी आत गेला आणि मी बाहेर बसून चप्पल तारेने बांधत होतो. ती बांधून झाली आणि वही काढली. साहेब जागेवर असले तर इथे पाऊण तास जातो, नसले तर दोन तास. फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू बोलतोस आणि मी ‘बरं’ म्हणतो. गेल्या महिन्यात मी तुला फोनवर अकरा वेळा ‘बरं’ म्हटलं, मोजलं आहे. कागदावर तुला मध्येच बोलता येणार नाही.

आधी घरची बातमी सांगतो, कारण तू ती विचारली नाहीस. मामा सहा दिवस कोठडीत होता, तिथे फरशीवर झोपून त्याच्या छातीत कफ धरला आहे. बोलताना दोन शब्दांनी थांबतो. बाहेर आल्यापासून तो आमच्या वस्तीत, भिलाटीत, कुणाच्या ओट्यावर बसत नाही. तुझ्या आप्पांनी केळीच्या राखणीला त्याच्या जागी दुसरा माणूस ठेवला. तो झोपतो. परवा डुकरांनी विहिरीकडची बावीस झाडं पाडून आतला गाभा खाल्ला. ती झाडं मीच मोजली, कारण मी अजून तुमच्याकडेच कामाला येतो. सालदारकीचं हे माझं सहावं वर्ष. रोज सकाळी सातला मी तुमच्या गोठ्यात असतो, आणि आप्पा मला ‘वाहरू, पाणी सोडं का?’ एवढंच विचारतात. सोमवारी इथे येतो त्याचा अर्धा खाडा धरतात. धरू देत. पण ज्या माणसाने तुमच्या शेतात नऊ वर्षं राखण केली, तो कसा आहे हे एकदा तरी विचारायला त्यांना काय झालं? आणि तुला काय झालं?

आठवीत लोणखेड्याच्या शाळेत आपण एका बाकावर बसायचो. शुद्धलेखनाला तू माझ्या वहीत बघायचास. ‘वीज’ दीर्घ की ऱ्हस्व, ‘परीक्षा’ कशी, कोपराने ढोसून विचारायचास. बाईंनी पकडलं की मीच तुझं बघितलं असं मी सांगायचो. तसं सांग, असं मला कुणी सांगितलेलं नव्हतं. तुला दहापैकी दहा मिळायचे, आणि मला दहापैकी दहा आणि दोन छड्या. नववीत माझे वडील गेले, मामाने मला त्याच्या घरी आणलं आणि शाळा सुटली. तेव्हा तू तुझं शुद्धलेखनाचं पुस्तक मला दिलंस. त्याचे कोपरे मी अजून दुमडू दिलेले नाहीत. घरी आम्ही आमची बोली बोलतो, तुमच्याशी अहिराणी, आणि मराठी फक्त कागदावर. ती कागदावरची मराठी चुकू नये एवढीच माझी धडपड असते, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. म्हणून तर तुला माझा उपयोग करता आला.

आता जे झालं ते तुला जसं आठवत असेल तसं राहू दे, मी झालं तसं लिहितो.

बुधवार, ७ जानेवारी, दुपारी सव्वाबाराला तुझा पुण्याहून फोन आला. “भो, शनवारले आपला ऊसनी शेवटली पट्टी तुटी ऱ्हायनी. मामाले सांग, सगळा लोके लई ये. एक बी डुक्कर वापस जावाले नको. मी बी ई ऱ्हायनू.” हे तुझे शब्द. ऊस तुटत येतो तशी डुकरं मागे मागे सरकत जातात आणि शेवटच्या दहा-बारा सऱ्यांत सगळी गोळा होतात, हे तूही लहानपणापासून बघतोस. गेल्या दिवाळीपासून त्यांनी तुमची दीड एकर केळी झोपवली होती. नुकसानभरपाईचा अर्ज मीच लिहिला होता, तो अजून कुठे आहे देव जाणे. आप्पांनी मामाला ओट्याजवळ बोलावून सांगितलं, “करणसिंग, आते तूच काय ते कर.” मामाने मान हलवली.

शनिवारी, १० तारखेला, भिलाटीतले अठरा जण गेलो. मामाने तीन बाजूंना माणसं उभी केली, नाल्याकडच्या बाजूला जाळं बांधलं आणि दोन कुत्री सोडली. ऊसतोडीचा मुकादम मला चिडवत होता, “ए वाहरू, तू पेन धर भो, काठी तुन्हा हातमा शोभत नही!” सगळे हसले, तू सगळ्यांत जास्त. तू बांधावर मोबाईल धरून उभा होतास. आधी एक मादी आणि पाच पिलं निघाली, मामाने ती जाऊ दिली. तू वरून ओरडलास, “त्यास्ले बी मारा ना!” मामा मागे न बघता म्हणाला, “तू मोबाईल धर, भाऊ.” मग एकलगा निघाला, कळप सोडून एकटा फिरणारा नर. सुळे बोटाएवढे बाहेर. त्याने एका कुत्र्याचं पोट फाडलं, जाळं अर्धं तोडलं, आणि मामाने पुढच्या पायामागे भाला घातला तेव्हाही तो दहा पावलं चालला. माझी काठी हातात तशीच राहिली. हे मी लपवत नाही.

पुढचं सगळं तुमच्याच बांधावर झालं. तुमच्याच पाचटाचा जाळ करून त्यावर केस जाळले, कोयत्याने खरवडले, तुमच्याच पंपाचं पाणी मारून कातडी पांढरी होईपर्यंत धुतली. पोट फाडताना मामा किती हळू फाडतो, ते तू बघितलंस. पित्ताची पिशवी फुटली तर सगळं कडू होतं. मांस ठेवायला केळीची पानं लागली. ती तोडायला दोघे गेले, तेव्हा आप्पांनी स्वतः नाकाला रुमाल लावून लांबून सांगितलं, “जुनी पानं ल्या, कवळी तोडू नका.” मी ताणकाट्याने वजन केलं. मुंडकं आणि आतडी सोडून साडेसेहेचाळीस किलो. एकोणीस वाटे, प्रत्येकी दोन किलो चारशे ग्रॅम, उरलेले नऊशे ग्रॅम कुत्र्यांचे. मुंडकं पहिला घाव ज्याचा त्याचं, म्हणजे मामाचं. कुणाला कमी नको, कुणाला जास्त नको, म्हणून वाटे नेहमी मी करतो आणि नावं वहीत लिहितो. त्या दिवशीही लिहिली.

अठरा माणसं आणि एकोणीस वाटे. तू विचारलंस, “एक जास्ती काबर?” मामाने तुला सांगितलं, तेव्हा तुला त्याचं फार कौतुक वाटलं होतं. पहिला वाटा शेताचा. ज्याच्या शेतात जनावर पडलं, त्याच्या नावाने पान मांडायचं, मग तो खाणारा असो की नसो. शेतधन्याने ‘पोचला’ म्हणायचं. तो म्हणेपर्यंत बाकीच्या वाट्यांना कुणी हात लावत नाही. खाणारा नसला तर तो वाटा त्याच्या नावाने वस्तीतल्या एकट्या माणसाला जातो. मामाने पान मांडलं आणि हात जोडले, “आप्पा, शेतना वाटा.” आप्पा दहा हातांवर उभे होते. रुमाल न काढता म्हणाले, “पोचना, पोचना. उचला आते.” मी वहीत लिहिलं: ‘१. शेताचा वाटा – भटू आप्पा – पोचला.’ मग तो वाटा रुक्मिणीबाईला गेला. तिला दिसत नाही. तिने कुणाचा म्हणून विचारलं आणि तुमच्या घराच्या दिशेने हात जोडले.

आणि कलेजी. ती वाट्यात धरत नाहीत, निखाऱ्यावर मीठ लावून भाजतात आणि जो जाळापाशी बसला त्याने तिथेच खायची. आप्पा घरी गेल्यावर तू येऊन बसलास. चार तुकडे खाल्लेस. आठवीत भिलाटीत पहिल्यांदा खाल्ली होतीस तेव्हा म्हणाला होतास, “आईले सांगू नको हां, भो.” या वेळीही तेच म्हणालास, आणि मी दोन्ही वेळा सांगितलं नाही. मला तेव्हा आनंद झाला होता, हेमकांत. मला वाटलं होतं, पुण्यात राहूनही हा अजून आमच्या जाळापाशी बसतो.

मग संध्याकाळी तू तो व्हिडिओ स्टेटसला टाकलास. दोन तासांनी काढलास, पण दोन तास पुष्कळ झाले. त्यात मामा दिसतो, भाला दिसतो, मी काठी धरून घाबरलेला दिसतो. मोबाईल धरणारा दिसत नाही. बांध दिसतो, पण बांधावर कोण उभं आहे ते दिसत नाही.

(सव्वाअकरा झाले. मामा बाहेर आला. साहेब जागेवर होते. आम्ही आता शहाद्याच्या एसटी स्टँडवर बसलो आहोत, गाडीला वेळ आहे. मामाने विचारलं, “काय लिखी ऱ्हायना? पोरीले चिठ्ठी?” मुलीला का, असं म्हणायचं होतं त्याला. महिनाभरात पहिल्यांदा त्याने थट्टा केली. मी म्हणालो, अर्ज लिहितोय.)

सोमवारी, १२ तारखेला, अकरा वाजता तो व्हिडिओ बघून फॉरेस्टचा गार्ड आला. मामीने मीठ-हळद लावून मांसाच्या पट्ट्या दोरीवर वाळत घातल्या होत्या, त्या त्याने पिशवीत भरल्या. गार्ड वाईट माणूस नाही. त्याला कागद लागतो. तो मामाला तुमच्या ओट्यावर घेऊन आला, कारण शेत तुमचं. मामा खाली उभा होता आणि आप्पांच्या तोंडाकडे बघत होता. त्याला वाटत होतं, आता आप्पा एक वाक्य बोलतील आणि गार्ड चहा पिऊन जाईल. आप्पा शाळेतल्या मराठीत बोलले: “साहेब, आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. आम्ही कशाला असलं करू? आम्हाला न विचारता शेतात घुसले हे लोक.” हे लोक! तू त्यांच्या खुर्चीमागे उभा होतास, आणि तुझ्या नखात काय अडकलं होतं कुणास ठाऊक, तू तेच बघत होतास. पोटात दोन दिवसांपूर्वीची कलेजी असलेला माणूस अंड्याची गोष्ट ऐकत उभा राहिला.

मामा म्हणाला, भाला माझा, घाव माझा, बाकीच्यांना सोडा.

इथे मी काय केलं ते लिहितो, कारण माझा राग नुसता तुझ्यावर नाही. गार्डने विचारलं, मांस कुणाकुणाला दिलं? आणि मी पुढे होऊन म्हणालो, “साहेब, माझ्याकडे लिहिलेलं आहे.” वही कुणी मागितली नसताना! हिशेब बरोबर आहे, तो दाखवावा, एवढंच माझ्या डोक्यात आलं. गार्ड खूश झाला. चार वाजेपर्यंत स्वच्छ अक्षरात नक्कल करून आण म्हणाला, आणि वर ‘शिकारीच्या मांसाचे वाटप’ असं लिही. मी वही आणायला निघालो तर तू गोठ्यापर्यंत मागे आलास. “ती पहिली ओळ ऱ्हाऊ दे ना, भो. आप्पानं वय देख. बावीस तारीखले मन्हा साखरपुडा शे, पोरीना घरना लोके कसा शेत तुले माहीत शे. मामाले आपण सोडावू. वकील मी देस.” मी बरं म्हणालो. ते पहिलं ‘बरं’.

मी पहिली ओळ गाळली. दोनचा एक केला, तीनचा दोन, असं एकोणीसचं अठरापर्यंत आणलं. ‘शिकारीच्या’मधला ‘री’ दीर्घ, ‘वाटप’ सरळ. नक्कल तीनदा तपासली. त्या कागदावर शुद्धलेखनाची एकही चूक नाही. त्याच कागदाने मामा चोरून शेतात घुसलेला शिकारी झाला, आणि ज्याने बोलावलं, पानं दिली, ‘पोचला’ म्हटलं, तो फिर्यादीचा साक्षीदार झाला. मामाने माझ्यावर विश्वास ठेवून खाली अंगठा दिला. त्याला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं नाही.

तुझा वकील आला नाही. तू दहा हजार पाठवलेस आणि खाली हात जोडल्याचं चित्र. वकीलबाई मीच शोधल्या. त्या म्हणतात, मालकाने बोलावलं होतं, त्याच्या डोळ्यांसमोर झालं, एवढं जरी दिसलं तरी चोरून घुसल्याचा आरोप टिकणार नाही आणि मामाची शिक्षा पुष्कळ हलकी होऊ शकते. सुटेलच असं त्या म्हणत नाहीत. नाहीतर तीन वर्षंही होऊ शकतात. मामाचा खोकला ऐकून त्या तीन वर्षांचा हिशेब मी करत नाही.

मामाला मी परवा सगळं सांगितलं, गाळलेल्या ओळीसकट. मला वाटलं होतं, मारेल. त्याने दोरीकडे बघितलं, जिच्यावर मामीने आता कपडे वाळत घातले आहेत. मग म्हणाला, “ऱ्हाऊ दे. आपले त्यास्नाच शेतमा जानं शे ना रे, भाच्या.” मी त्याच्यावर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. मी म्हणालो, तुम्ही शेताला वाटा देता आणि शेत तुम्हाला काय देतं? मामी रडायला लागली. मामा म्हणाला, “वाटा आपण देयेल शे. त्यास्नी बी लियेल शे. ते मांगे लेता येत नही.” दिलेला वाटा मागे घेता येत नाही, असं त्याचं म्हणणं. तो ते आप्पांची बाजू घेऊन म्हणाला. मी रात्रभर ते ऐकत राहिलो आणि मला ते उलटं ऐकू येऊ लागलं. घेतलेला वाटाही मागे देता येत नाही, हेमकांत. आप्पांनी ‘पोचला’ म्हटलं आहे. अठरा माणसांनी ते ऐकलं आहे, आणि तू एकोणिसावा आहेस.

म्हणून आता का लिहिलं ते सांगतो. बुधवारी, १८ तारखेला, कोर्टाची तारीख आहे. खरी वही माझ्याकडे आहे, आणि ती मी त्या दिवशी वकीलबाईंच्या हातात देणार आहे. नक्कल खोटी आहे, ती मी केली, कुणाच्या सांगण्यावरून केली, तेही सांगणार आहे. त्या म्हणाल्या, मग तुझंही नाव गुन्ह्यात येऊ शकतं. मी त्यांना ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. कलेजीचं मी बोलणार नाही. ते वाट्यात नव्हतं आणि वहीत नाही, ते तुझं तू बघ. तू आलास आणि स्वतःच्या तोंडाने सांगितलंस तर ठीक, नाही आलास तरी वही जाणार. पण मी स्वतःला ओळखतो. अठराच्या आधी तुझा फोन येईल, तू ‘भो’ म्हणशील आणि मी बरं म्हणेन. हे पत्र पोस्टात पडलं की मला बरं म्हणता येणार नाही, कारण ते तुला कळलेलं असेल. एवढ्याचसाठी लिहिलं. समोर पोस्टाची पाटी दिसते आहे, गाडीला अजून वीस मिनिटं आहेत, आणि मामा बाकावर झोपला आहे.

सवयीने तुझाच,
वाहरू

ता. क. तुझ्या पैशांचा हिशेब.
१५ जानेवारीला तुझ्याकडून आले: १०,००० रुपये.
खर्च: वकीलबाई ६,०००, जामिनाचे कागद आणि स्टॅम्प १,२५०, एसटी ६४०, मामाचं औषध ४८०. एकूण ८,३७०.
उरलेले १,६३० आज तुझ्या नंबरवर परत पाठवले.
तुला देणे: ८,३७०. अक्षय्य तृतीयेला साल मोजून होईल तेव्हा देईन, व्याज सांग.
या पत्राचं स्पीड पोस्ट माझ्याकडून.
तुमच्याकडून येणे: मामाची केळीची राखण, १ ते १२ जानेवारी, बारा दिवस, रोज दीडशेप्रमाणे १,८०० रुपये. आप्पांनी अजून दिलेले नाहीत.